वर्षाचा हिशेब कुणाच्या नावावर?

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संशोधन संस्थांमध्ये एक ठरलेला कार्यक्रम होतो. सभागृहात खुर्च्या लागतात, संचालक दोन शब्द बोलतात, पडद्यावर सरत्या वर्षाची आकडेवारी झळकते. इतके शोधनिबंध, इतके नवे प्रकल्प, इतके पीएच.डी. झालेले विद्यार्थी. मग शाल आणि श्रीफळ. सगळ्यात शेवटी, निम्मं सभागृह चहाकडे निघालेलं असताना, सेवेची पंचवीस वर्षं पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांना बोलावतात आणि भिंतीवरचं घड्याळ देतात. फोटो निघतो. तो अहवालात छापला जातोच असं नाही.

हे संकलन त्या घड्याळवाल्यांचं आहे. नमुन्यांची पेटी घेऊन रात्रीचा घाट उतरणारे ड्रायव्हर, रक्त घेणाऱ्या परिचारिका, घरोघरी प्रश्नावली भरत हिंडणाऱ्या ताई, प्राणिगृहात उंदरांचे पिंजरे धुणारे सेवक, सुट्टीच्या दिवशीही येऊन डीप फ्रीजरचं तापमान वहीत लिहिणारे टेक्निशियन. वेगवेगळ्या संस्थांतल्या अशा मंडळींना नव्या वर्षाच्या निमित्ताने एकच प्रश्न विचारला गेला: गेल्या वर्षी तुम्ही काय मिळवलंत? उत्तरं सारख्या तोलाची नाहीत हे आधीच सांगून टाकतो. काहींनी साहेबांचे आभार मानण्यातच दिलेली जागा संपवली आहे. काहींना आपण काही मिळवलं असेल हेच पटलेलं नाही. पण ज्यांनी आपल्या कामाचं नुसतं वर्णन केलं, दिवस कसा सुरू होतो, नोंद कशी घेतो, कुठे अडतं, त्यांनी फार मोलाचा मजकूर दिला आहे. आरोग्य संशोधनातला कुठलाही निष्कर्ष त्याच्या पहिल्या नोंदीपेक्षा जास्त खरा असू शकत नाही, आणि ती पहिली नोंद बहुतेक वेळा यांच्यापैकी कुणाच्या तरी हातची असते. प्रस्तावनेत मला मांडायचं आहे ते एवढंच. पुढे जे येतं तो त्याचा दाखला आहे.

मुंबईतल्या आरोग्य संशोधनाची गोष्ट एका जानेवारीतच आकाराला आली. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या महिन्यात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले. जन्म ओडेसाचा, काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेतलं, कॉलऱ्याची लस घेऊन 1893 पासून भारतात फिरत असलेला हा माणूस. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, पुढे लोकांना दिली त्यापेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत. ताप आला, टोचलेली जागा दुखली, माणूस तगला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले असं सांगतात. तुरुंगातल्या माणसाच्या स्वेच्छेला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न आजच्या नैतिकता समितीने पहिल्याच बैठकीत विचारला असता. तेव्हा समितीच नव्हती.

10 जानेवारीची ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्या तीन महिन्यांची नसते. प्लेगचे जंतू वाढवण्याची हाफकिन यांची रीत मोठी निगुतीची होती. पोषक रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांच्या खालच्या अंगाने जंतूंची वाढ पारंब्यांसारखी लोंबत उतरायची. ठरावीक वेळाने भांडं हलवून ती तळाशी पाडायची आणि पुन्हा नवी वाढ येऊ द्यायची. असं आठवडेच्या आठवडे. मग उष्णतेने जंतू मारायचे. भांड्यात जिवंत प्लेग आहे, बाहेर शहर ओस पडत चाललंय, आणि खोलीत मोजून चार-पाच माणसं. त्यातल्या एका मदतनीसाचं मानसिक संतुलन ढळलं, दोघे काम सोडून गेले. हाफकिन यांच्या चरित्रात हे सारं एका ओळीत उरकतं. मला ती ओळ नेहमी फार तोकडी वाटत आली आहे. सोडून गेलेल्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. पण लशीचा शोध लागेपर्यंत त्या खोलीत थांबण्यासाठी हाफकिन यांच्याकडे विज्ञान होतं, महत्त्वाकांक्षा होती, नाव होतं. शिपायाकडे पगार होता.

1899 च्या ऑगस्टमध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. 1925 मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. मधल्या काळात घडलं ते मुल्कोवालचं प्रकरण. पंजाबातल्या या गावात 30 ऑक्टोबर 1902 रोजी 107 जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यातले 19 जण धनुर्वाताने दगावले. दगावलेल्या सगळ्यांना 53-एन या एकाच क्रमांकाच्या बाटलीतली लस मिळाली होती. संशय थेट परळवर आला, हाफकिन निलंबित झाले, चौकशी आयोग बसला. ती बाटली गावात उघडताना तिथल्या मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. या गोष्टीला पुरेसं वजन मिळायला वर्षं गेली. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग पुसला गेला.

मुल्कोवालची गोष्ट सहसा एका थोर शास्त्रज्ञावरच्या अन्यायाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. वरच्या माणसांना शेवटच्या हाताची सवयच नव्हती. लस म्हणजे प्रयोगशाळा, प्रयोगशाळा म्हणजे संचालक, असं समीकरण इतकं पक्कं बसलं होतं की चौकशीही त्याच वाटेने गेली. गावातल्या टेबलावर काय घडतं ते प्रयोगशाळेइतकंच महत्त्वाचं मानलं गेलं असतं, तर त्या मदतनीसाला चिमटा पडल्यावर काय करायचं हे आधी कुणीतरी घोटून घोटून शिकवलं असतं. 19 माणसं वाचली असती. हाफकिन यांची पाच वर्षंही.

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात राणीताईंचा निबंध आला. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी त्यांनी केली होती. त्यातल्या 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि फारच थोड्या जणींनी त्यावर कधी उपचार घेतले होते. ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच मानणाऱ्या जगाला तो निबंध हादरवून गेला. पण क्षणभर थांबून विचार करा. ज्या तक्रारी नवऱ्याजवळ किंवा आईजवळही काढायच्या नाहीत, त्यासाठी 650 स्त्रिया तपासणीच्या खोलीपर्यंत आल्या कशा? त्यांना कुणीतरी आणलं. अंगणात बसून, धानाच्या कापणीच्या गोष्टी करत करत, पुन्हा पुन्हा जाऊन. ते काम टक्केवारीत दिसत नाही.

पुढे न्यूमोनियाचं काम आलं. गावच्या दाईने आजारी मुलाचे श्वास मोजायचे होते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, त्याहून मोठ्या बाळाचे 50 किंवा जास्त, म्हणजे धोका. अडचण ही की अनेक दायांना 50 पर्यंत आकडे येत नव्हते. एखाद्या संस्थेने इथे दायांना नापास केलं असतं. ‘सर्च’ने साधन बदललं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी सरकवायची पाटी असा श्वासमापक तयार झाला. आकडे न येणारी बाईही त्यावरून अचूक निदान करू लागली. माझ्या मते महाराष्ट्रातल्या आरोग्य संशोधनातला हा सर्वांत सुंदर शोध आहे, आणि त्याचं अर्धं श्रेय ज्या दायांनी ‘आम्हाला एवढं मोजता येत नाही’ असं सरळ सांगितलं त्यांचं आहे. कर्मचारी खोटं न बोलता अडचण सांगू शकतो, ही कुठल्याही संस्थेची मोठी मिळकत मानायला हवी. वार्षिक अहवालात तिच्यासाठी रकाना नाही.

नवजात बालकांच्या घरच्या काळजीचा प्रयोग 1993 ते 1998 या काळातला. 39 गावांत प्रयोग, 47 गावं तुलनेसाठी. गावातलीच, पाचवी ते दहावी शिकलेली बाई आरोग्यदूत. बाळाचं वजन, ऊब, अंगावर पाजणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं ती शिकली. डॉक्टरांच्या वर्तुळातून ओरड झाली. शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या हाती सुई? डिसेंबर 1999 च्या ‘लॅन्सेट’ने उत्तर छापलं: नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 2011 पासून हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवली जाऊ लागली. या निबंधांवर लेखक म्हणून बंग दांपत्याबरोबर संस्थेतल्या सहकाऱ्यांची नावं आहेत, त्यांत अस्सल वैदर्भीय आडनावंही. ‘लॅन्सेट’च्या लेखकांच्या यादीत ती नावं पाहताना मला जो आनंद होतो तो कुठल्याही शाल-श्रीफळाने झालेला नाही. इतर संस्थांनी ही सवय का लावून घेतली नाही, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

गडचिरोलीची वाखाणणी करून थांबलो तर पुण्यावर अन्याय होईल. पुण्याच्या आसपासच्या सहा गावांत 1993 मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. गर्भ राहिल्याचं अगदी सुरुवातीलाच कळायला हवं, म्हणून कार्यकर्त्या विवाहित स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जात आणि पाळीची तारीख विचारत. दर महिन्याला, घरोघर, सासूसमोर. कल्पना करून पाहा. जन्मलेली बाळं सरासरी सुमारे 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्यांच्या त्वचेखालची चरबी मात्र वजनाच्या मानाने जास्त टिकलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशा या बाळांच्या वर्णनाने भारतात मधुमेह इतका का, या प्रश्नाची दिशाच बदलली. ती चरबी मोजली कॅलिपरच्या चिमटीने, जन्मानंतर तीन दिवसांच्या आत, बहुधा घराच्या ओसरीवर किंवा दवाखान्याच्या कोपऱ्यात. कॅलिपर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर सिद्धान्त कोसळतो. याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गरोदरपणी पाणी भरणं, धुणं धुणं असल्या कष्टाच्या कामांचा बाळाच्या वजनाशी संबंध आहे. हे गावातल्या कुठल्याही म्हातारीने सांगितलं असतं, असं म्हणणारे भेटतात. सांगितलं असतं, हो. पण आकड्यांशिवाय तिचं ऐकलं कुणी असतं?

त्या बाळांची आता स्वतःची बाळं आहेत. अभ्यास चालूच आहे. जानेवारी 2004 च्या ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्यात 21.2. शास्त्रज्ञाने स्वतःलाच नमुना म्हणून मांडण्याची हाफकिनची परंपरा अशी हसतखेळत पुढे आली.

पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलंय. 30 जानेवारी 2020 रोजी देशातल्या पहिल्या कोरोना रुग्णाचं निदान तिच्या तपासणीतून पक्कं झालं, आणि तिने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनलेल्या लशीला 3 जानेवारी 2021 रोजी मंजुरी जाहीर झाली. पण संस्था 1952 ची. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली तेव्हा तिची माणसं तिकडे गेली. फ्लॅनेलचं कापड जंगलाच्या पाचोळ्यावरून ओढत नेऊन त्याला चिकटलेल्या गोचिडी गोळा करायच्या, हे त्यांचं काम. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही त्या तापाची लागण झाली. आज सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्ग भागात आणि गोव्यातल्या सत्तरीत लोक ज्याला माकडताप म्हणतात, तो हाच. तिथला कुणी आरोग्यसेवक आज मेलेलं माकड दिसल्याची खबर वर कळवतो तेव्हा साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या गोचिडीवाल्यांचंच काम तो पुढे नेत असतो.

संस्था म्हटलं की आपल्यासमोर इमारत येते. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री काढत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लक्षणं टिपली आणि पुढे प्राझोसिनचा उपचार रुजवला. त्यांच्यापाशी ना प्रयोगशाळा होती ना अनुदान. ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांना हे नाव मी मुद्दाम ऐकवत असतो.

आता एक कडू बाब, कारण या संकलनात ती जागोजाग डोकावते. आज संशोधन संस्थांमधलं बरंचसं प्रत्यक्ष काम ‘प्रोजेक्ट स्टाफ’ करतो. प्रकल्प तीन वर्षांचा, नेमणूक अकरा महिन्यांची, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. प्रकल्प संपला की माणूस बाहेर. गावातल्या प्रत्येक घराचं दार ज्याला ओळखतं, कोणत्या आजीला ऐकू येत नाही आणि कोणाच्या नोंदीत दोन मुलं एकाच नावाची आहेत हे ज्याला माहीत आहे, तो पुढच्या प्रकल्पात नसतो. वीस वर्षं चालणारे अभ्यास अकरा महिन्यांच्या माणसांवर उभे करणं हा उघड वेडेपणा आहे. अनुदान देणाऱ्यांना तो कळत नाही असं मला वाटत नाही. त्यांच्या हिशेबात तो बसत नाही, एवढंच. या संकलनातल्या एका लेखिकेने गेल्या वर्षातलं आपलं यश म्हणून ‘ऑर्डर वाढली’ एवढे दोनच शब्द लिहिले आहेत. संपादकांनी ते तसेच ठेवले, हे चांगलं केलं.

संकलनातल्या उणिवाही सांगायला हव्यात. हिशेब विभागातलं कुणीच यात नाही. मार्चअखेर युटिलायझेशन सर्टिफिकेटपायी रात्री जागवणाऱ्या त्या मंडळींशिवाय एकही प्रकल्प पुढच्या एप्रिलपर्यंत जगत नाही. सर्पगृहातल्या माणसाचं लेखन हवं होतं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष काढणारा हात कसा विचार करतो ते वाचायला आवडलं असतं. आणि ज्यांच्यावर अभ्यास होतो ती माणसं यात नाहीत. वर्षानुवर्षं बोटाला सुई टोचून घेणारी, तेच ते प्रश्न ऐकून न रागावणारी गावं या कामात कर्मचाऱ्यांइतकीच सामील असतात, तीही बिनपगारी.

वाचकांनी हे लेख सलग वाचू नयेत. भाषेत पुनरुक्ती आहे, काही ठिकाणी सरकारी पत्राचा वास आहे. रोज एक वाचा. आणि संस्थांचे वार्षिक अहवाल तयार करणाऱ्यांना माझी दोन कामं आहेत. यंदाच्या अहवालात प्रत्येक प्रकल्पाखाली त्यातल्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांची नावं आणि त्यांच्या सेवेची वर्षं छापा. त्याला पान-दीड पान लागेल, संचालकांचा एक फोटो कमी करा. आणि ज्या गावांतून माहिती गोळा केली तिथे तिचा निष्कर्ष दोन पानी मराठी मजकुरात, मोठ्या टायपात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. इंग्रजी अहवाल मंत्रालयात जायच्या आधी.